हप्त्याची पिढी आणि तिचे वडील

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक तक्रार नित्य कानीं येते. "आमच्या तुटपुंज्या पगारांत आम्ही घर बांधलें, बहिणींचीं लग्नें केलीं, आणि तरीहि पोस्टांत चार पैसे टाकले. हीं मुलें आमच्या दसपट मिळवितात, आणि महिन्याच्या वीस तारखेस यांचे हात रिकामे!" ही तक्रार पुण्या-मुंबईच्या सदनिकांत जशी ऐकूं येते, तशीच यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांतील मुकुटबनसारख्या गांवींहि ऐकूं येते. तक्रारीचा रोख ज्यांच्यावर आहे तीं मुलें आतां मुलें राहिलेलीं नाहींत. १९८१ ते १९९६ या काळांत जन्मलेलीं हीं माणसें आज तिशीच्या उंबरठ्यापासून पंचेचाळिशीपर्यंत पोंचलीं आहेत, आणि त्यांचीं स्वतःचीं मुलें शाळेंत जात आहेत.

या लेखाचा हेतु त्यांची वकिली करण्याचा नाहीं, तसाच त्यांच्या वडिलांस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याचाहि नाहीं. काटकसर हा गुण माणसाच्या स्वभावांत उपजतो कीं त्याच्या काळांत, एवढा एकच प्रश्न इतिहासास विचारून पाहावयाचा आहे. त्यासाठीं मुकुटबनचा परिसर निवडण्याचें कारण असें कीं, मोठ्या शहरांत पैशाचे अनेक प्रवाह एकमेकांत मिसळून जातात व कोणता कोठून आला हें उमगत नाहीं. येथें कापूस, कोळसा, चुनखडी आणि सरकारी नोकरी या मोजक्याच वाटांनीं पैसा येतो, आणि म्हणून त्याचा माग काढणें पुष्कळ सोपें जातें.

मुकुटबन हल्लीं झरी-जामणी तालुक्यांत मोडतें. त्याच्या उत्तरेस वणी, दक्षिणेस पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. गोंड व कोलाम या आदिवासींची या भागांत जुनी वस्ती आहे. जवळच मार्की-मांगलीकडे जमिनीच्या पोटांत कोळसा सांपडतो, आसपास चुनखडीचे थर आहेत, आणि वरच्या काळ्या मातींत कापूस पिकतो. या तीन गोष्टींनीं येथील तीन पिढ्यांचें देणें-घेणें घडविलें आहे.

पिढीचें नांव

'मिलेनियल' हा शब्द मूळचा अमेरिकेचा. विल्यम स्ट्रॉस व नील हाऊ या दोन लेखकांनीं १९९१ सालीं अमेरिकेच्या इतिहासाची पिढीवार मांडणी करणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नव्या सहस्रकाच्या वळणावर वयांत येणाऱ्या मुलांस त्यांनीं हें नांव दिलें. पुढें प्यू या संशोधनसंस्थेनें १९८१ ते १९९६ ही जन्माची मर्यादा ठरविली, आणि तीच आतां बहुतेक ठिकाणीं रूढ झाली आहे. मराठींत आपण तिला सहस्रक-पिढी म्हणूं.

परंतु नांव उसनें घेतलें म्हणून इतिहासहि उसना घेतां येत नाहीं. अमेरिकेंतील या पिढीवर २००१ सालचा न्यूयॉर्कवरील हल्ला, २००८ सालची मंदी आणि विद्यापीठीय शिक्षणाचें कर्ज यांचा ठसा आहे असें तेथील लेखक सांगतात. मुकुटबनच्या मुलास यांतील पहिल्या दोन गोष्टी वर्तमानपत्रांतून कळल्या. त्याच्या घरच्या चुलीवर त्यांचा परिणाम झाला असेल तर तो फार दुरून. जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मॅनहाइम यानें १९२८ सालीं पिढ्यांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला होता. एकाच सालीं जन्मल्यानें माणसें एका पिढीचीं होत नाहींत, घडामोडींचा तोच धक्का कोवळ्या वयांत ज्यांस बसला तींच खऱ्या अर्थानें एका पिढीचीं, असें त्याच्या प्रतिपादनाचें सार सांगतां येईल. तेव्हां मुकुटबनच्या सहस्रक-पिढीस कोणते धक्के बसले तें पाहावयास हवें, आणि त्यासाठीं आधीं तिच्या आजोबांचें घर पाहावयास हवें.

आजोबांचें देणें

१८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. आज ज्यास यवतमाळ जिल्हा म्हणतात त्यास इंग्रजी अमदानींत बराच काळ वणीचेंच नांव होतें. १९०५ सालीं तें बदलण्यांत आलें. नव्या राज्यकर्त्यांनीं वऱ्हाडांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आणली. जमीन खातेदाराच्या नांवें लागली, म्हणजेच ती विकतां येऊं लागली आणि गहाणहि ठेवतां येऊं लागली. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. १८६१ ते १८६५ या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाला पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. ज्वारीच्या शेतांत कापूस शिरला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. पण तोंवर युद्ध संपलें होतें आणि भाव उतरले होते. शेतकऱ्याच्या हातीं गहाणाचा कागद मात्र राहिला.

सर माल्कम डार्लिंग यांनीं १९२५ सालीं पंजाबच्या शेतकऱ्यावर लिहिलेल्या ग्रंथांत एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. शेतकऱ्याचें कर्ज केवळ दारिद्र्यानें वाढत नाहीं. त्याची पत वाढली, जमिनीला किंमत आली, म्हणजेहि तें वाढतें. वऱ्हाडांत हेंच घडलें. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्यास सावकारहि उभा करीत नाहीं. कपाशीच्या पिकानें कुणब्याला पत दिली, आणि पतीनें त्याला वहींत ओढलें. धान्याचें कर्ज सवाई-दिडीनें चाले. पेरणीस नेलेली एक खंडी सुगीला सव्वा खंडी किंवा दीड खंडी होऊन परत जाई.

या काळींहि शेतकऱ्यावर आरोप होता तो उधळेपणाचाच. हा लग्नांत उडवितो, तेराव्याला उडवितो, आणि मग सावकाराच्या नांवानें बोटें मोडतो, असें सुशिक्षित व अधिकारी दोघेहि म्हणत. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो पुणें-अहमदनगर भागांत पसरला, तेव्हां सरकारनें चौकशीसाठीं एक आयोग नेमला. त्या आयोगानें वह्या तपासल्या, गांवोगांवच्या कर्जांचा हिशेब मांडला, आणि असा अभिप्राय दिला कीं, कर्जबाजारीपणाचें कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चास वाजवीपेक्षां फाजील महत्त्व दिलें गेलें आहे. उधळेपणाचा आरोप हिशेबाच्या कसोटीला लावून पाहण्याचा आपल्याकडील हा एक पहिला मोठा प्रयत्न होय, आणि आजच्या वादांतहि त्याचें स्मरण ठेवणें इष्ट आहे.

पुढें १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. मध्यप्रांतांत १९३३ सालीं कर्ज-तडजोडीचा आणि मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३९ सालीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. हे कायदे करावे लागले यावरूनच रोग किती खोल गेला होता हें दिसतें. आजोबांच्या पिढीला आपण काटकसरी म्हणतों तें खरें. एक धोतर दोन वर्षें पुरविणें, दिव्याची वात बारीक करणें, हें सर्व त्यांनीं केलें. पण त्या काटकसरींतून पैसा सांचला असें फार थोड्या घरीं झालें. जें कांहीं उरलें तें बायकोच्या अंगावरील चांदींत, पेवांतील ज्वारींत किंवा गोठ्यांतील बैलजोडींत. काटकसर होती, बचत नव्हती. हा भेद लक्षांत ठेवला म्हणजे पुढचें चित्र स्पष्ट होतें.

वडिलांचें पासबुक

बचत आली ती वडिलांच्या पिढींत, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दहा-पंधरा वर्षांत जन्मलेल्यांच्या हातून. ती कशी आली?

१९७२ सालीं महाराष्ट्र सरकारनें कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना सुरू केली. खासगी व्यापाऱ्यास कापूस घेण्याची मनाई झाली. शेतकऱ्यानें आपली बंडी संकलन केंद्रावर न्यावी, प्रतवारी करणाऱ्यानें प्रत ठरवावी, आणि ठरलेल्या भावानें चुकारा घ्यावा. केंद्रावरच्या रांगा, प्रतवारींतील पक्षपात, चुकाऱ्यास होणारा उशीर, यांच्या कहाण्या या भागांत कोणीहि सांगेल. तरी एक गोष्ट मोठी होती. हंगामाच्या आरंभीं भाव ठाऊक असे, आणि चुकारा आज ना उद्यां येणार हें निश्चित असे. मुलीचें लग्न त्या भरंवशावर ठरविणें शक्य झालें. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामुळें ज्याच्यापाशीं जमीन नाहीं अशा मजुरासहि दुष्काळांत कामावर हक्क सांगतां आला.

दुसरी वाट नोकरीची. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेड्यांतील शाळांवर मास्तर नेमले जाऊं लागले. १९७३ पर्यंत कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण पूर्ण झालें व वणीच्या बाजूस खाणीची नोकरी ही सरकारी नोकरीच झाली. एस. टी., वीज मंडळ, तलाठी, ग्रामसेवक, या सर्वांच्या पगाराचा आंकडा लहान होता. पण त्यामागें निवृत्तिवेतन उभें होतें. १९६९ सालीं बँकांचें राष्ट्रीयीकरण झाल्यावर तालुक्याच्या गांवींहि बँकेची पाटी दिसूं लागली.

आणि या सर्वांवर कळस चढविला तो व्याजाच्या दरानें. भविष्य निर्वाहाची सार्वजनिक योजना, जिला पी. पी. एफ. म्हणतात, ती १९६८ सालची. १९८६ पासून २००० सालच्या जानेवारीपर्यंत तिच्यावर शेंकडा १२ व्याज मिळे. त्या दरानें ठेव सहा वर्षांत दुप्पट होते. १९८८ सालीं पोस्टानें किसान विकासपत्र काढलें. तें साडेपांच वर्षांत दुप्पट होई. यांत जोखीम नव्हती, हुशारी लागत नव्हती, दलाल नव्हता. मास्तरानें पोस्टाच्या खिडकीवर जाऊन पैसे भरावे आणि मुलीच्या वयाशीं मुदतीचा मेळ घालावा, इतकेंच काम होतें.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. त्या काळीं महागाईहि जबर होती, त्यामुळें १२ टक्क्यांतील खरा नफा दिसतो तितका नव्हता. परंतु माणसाच्या संवयी खऱ्या नफ्यापेक्षां निश्चितीवर अधिक पोसतात. आपण आज सोडलेला चहा सहा वर्षांनीं दोन चहा होऊन परत येईल हें ज्यास ठाऊक आहे, तो चहा सोडतो. वडिलांच्या पिढीचा संयम खोटा नव्हता, पण त्या संयमाला सरकारनें हमी दिली होती. आजोबांचा संयम तितकाच कडक असून तो सावकाराच्या वहींत विरघळून गेला, आणि वडिलांचा संयम पासबुकांत उतरला. दोघांच्या रक्तांत फरक नव्हता. फरक होता तो संस्थांचा.

दारें मिटलीं तेव्हां

आतां १९८४ सालीं मुकुटबनच्या परिसरांत जन्मलेला एक मुलगा कल्पूं. वडिलांपाशीं पांच-सहा एकर कोरडवाहू जमीन, एक काका मास्तर. १९८६ सालीं तो दोन वर्षांचा असतांना याच जिल्ह्यांतील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनीं १९ मार्च रोजीं सहकुटुंब आपलें जीवन संपविलें, आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न महाराष्ट्राच्या चर्चेंत एका नव्या, भीषण रूपानें आला. मुलगा वाढला तो अशा बातम्यांच्या छायेंत. शेती करूं नको, शीक, नोकरी धर, हा उपदेश त्याला बापानेंच केला.

तो सोळा वर्षांचा झाला त्या २००० सालीं पी. पी. एफ. चें व्याज १२ वरून ११ वर आलें. २००१ सालीं साडेनऊ, २००३ सालीं ८. २०२० च्या एप्रिलपासून तें ७.१ आहे, म्हणजे ठेव दुप्पट होण्यास दहा वर्षें लागतात. किसान विकासपत्राची मुदतहि आतां ११५ महिन्यांची झाली आहे. त्याच २००० सालीं राज्यांत शिक्षणसेवक ही नवी जात निर्माण झाली. काकांनीं जी नोकरी पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारावर केली, तीच आतां पहिलीं तीन वर्षें महिना ३,००० रुपये मानधनावर करावी लागे. २००२ सालीं बी. टी. कापसाच्या बियाण्यास परवानगी मिळाली. बियाणें दरसाल विकत घेणें आलें आणि पेरणीच्या आधींच रोख पैसा लागूं लागला. याच वर्षांच्या आगेमागें एकाधिकार खरेदी मोडकळीस येऊन व्यापाऱ्यांस मोकळीक मिळाली. आणि तो एकवीस वर्षांचा झाला तेव्हां, १ नोव्हेंबर २००५ पासून, राज्य सरकारच्या सेवेंत नव्यानें लागणाऱ्यांचें जुनें निवृत्तिवेतन बंद झालें.

या तारखा मुद्दाम एका ओळींत मांडल्या आहेत. त्यांतील प्रत्येक निर्णयाला कांहीं ना कांहीं कारण होतें. सरकारचा खजिना १२ टक्के व्याज कायमचें देऊं शकत नव्हता, एकाधिकार योजना तोट्यांत होती, निवृत्तिवेतनाचा भार वाढत होता. अर्थशास्त्री या निर्णयांचें समर्थन करतील आणि त्यांत तथ्यहि असेल. पण इतिहासकारानें एवढें तरी नोंदवावें कीं, ज्या पांच-सहा वर्षांत हीं दारें मिटलीं, त्याच पांच-सहा वर्षांत ही पिढी उंबरठ्यावर येऊन उभी राहिली होती. आंत असलेल्यांस कोणी बाहेर काढलें नाहीं. बाहेर उभ्या असलेल्यांस आंत घेतलें नाहीं.

मग या मुलानें काय केलें? बापाचा उपदेश मानला आणि तो शिकत राहिला. वसंतदादा पाटील यांनीं १९८३ सालीं विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांस परवानगी दिली होती. पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्यांचें पीक जिल्ह्याजिल्ह्यांत आलें. अभियांत्रिकी, डी. एड., बी. एड. अशा पदव्यांसाठीं घरोघर शेताचा तुकडा किंवा आईच्या पाटल्या खर्चीं पडल्या. पदवी हातीं आली तेव्हां शिक्षकभरती मंदावली होती, आणि २०१३ पासून शिक्षक होण्यास आणखी एक पात्रतापरीक्षा द्यावी लागूं लागली. त्यानंतर स्पर्धापरीक्षांचीं वर्षें. २०२३ सालीं राज्यांत तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या, आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. अर्जाचें शुल्क खुल्या वर्गास १,००० रुपये व राखीव वर्गास ९०० रुपये होतें. नोकरी मिळण्यासाठीं नव्हे, तर नोकरी मागण्यासाठींच ही पिढी पैसे भरीत आली.

या अवधींत शेतकऱ्यासाठीं कांहींच झालें नाहीं असें मात्र नाहीं. २००६ सालीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भांत येऊन गेले व यवतमाळसह सहा जिल्ह्यांस ३,७५० कोटींचें साह्य जाहीर झालें. २००८ सालीं केंद्रानें, आणि २०१७ व २०१९ सालीं राज्यानें कर्जमाफी दिली. परंतु अनेक घरीं सातबाऱ्यावर नांव वडिलांचें असतें. माफ झालें तें वडिलांचें पीककर्ज. मुलाचें कर्ज निराळ्याच जातीचें होतें, आणि त्याला माफी नव्हती.

हप्ता

तें कर्ज म्हणजे हप्ता. शब्दांचा इतिहास पाहिला तरी तीन पिढ्यांचा फरक कळतो. आजोबांच्या तोंडीं 'देणें' होतें. त्यांत लाज होती आणि सावकाराचा चेहरा होता. वडिलांच्या तोंडीं 'कर्ज' आलें. तें सोसायटीचें किंवा बँकेचें, कागदावर, वर्षाकांठीं फेडावयाचें. मुलाच्या तोंडीं 'हप्ता' आहे. तो महिन्याच्या ठरल्या तारखेस आपोआप कापला जातो आणि त्याला चेहरा नाहीं. दुचाकीचा हप्ता, फोनचा हप्ता, मुलाच्या शाळेचा हप्ता. दुकानदार म्हणतो, "व्याज शून्य". पण शून्य व्याजाचें हें गणित असें असतें कीं, रोखीनें घेणाऱ्यास मिळणारी सूट हप्तेवाल्यास मिळत नाहीं, किंवा कागदपत्रांच्या नांवाखालीं कांहीं रक्कम आधींच कापली जाते. रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच या शून्याचा फोलपणा बँकांच्या नजरेस आणून दिला होता.

हप्त्याची संवय लागण्यास उत्पन्नाची चंचलताहि कारण झाली आहे. ज्याचें उत्पन्न निश्चित आहे तो आधीं सांचवितो आणि मग घेतो. ज्याचें उत्पन्न या वर्षीं आहे आणि पुढच्या वर्षीं नाहीं, तो हातीं आहे तोंवर घेऊन टाकतो. यांत अविचार आहे तसा एक प्रकारचा विचारहि आहे. फोन तर आतां चैनीची वस्तु राहिली नाहीं. २०१६ च्या सप्टेंबरांत स्वस्त इंटरनेट आलें, आणि ८ नोव्हेंबरास, ऐन कापूसवेचणीच्या हंगामांत, पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या. त्या एका वर्षांत रोख व्यवहारांवर जगणाऱ्या खेड्यांना फोनवरून पैसे देण्या-घेण्याच्या नव्या वाटेवर यावें लागलें. अर्ज फोनवर, पीकविमा फोनवर, भाव फोनवर. ज्याला फोन नाहीं तो बाजारांतूनच उठला.

सोन्याचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे, कारण लग्नें अजून सोन्यावरच अडतात. २००० सालीं दहा ग्रॅम सोनें सुमारें ४,४०० रुपयांस मिळे, आणि लांब धाग्याच्या कापसाचा केंद्र सरकारनें जाहीर केलेला हमीभाव १,८२५ रुपये क्विंटल होता. म्हणजे तेवढ्या सोन्यास अडीच क्विंटलांच्या आंत कापूस पुरे. २०२५ सालीं सोन्यानें लाखाचा आंकडा ओलांडला, आणि कापसाचा हमीभाव झाला ८,११० रुपये. म्हणजे त्याच सोन्यास बारा क्विंटलांहून अधिक कापूस लागतो. पंचवीस वर्षांत शेतकऱ्याच्या मुलाचें मंगळसूत्र पांचपट महाग झालें. त्यांत उधळेपणाचा भाग कोणता, हें तक्रार करणाऱ्यांनींच सांगावें.

मुलींच्या बाबतींत या पिढीचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्रानें २००५ सालीं मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. शिकलेली मुलगी आतां शेतकरी नवरा नको म्हणते आणि तिचे शेतकरी वडीलहि तिच्या बाजूचे असतात. त्यामुळें तिशी ओलांडलेले अविवाहित तरुण गांवोगांव दिसतात. बाईच्या हातीं पैसा आला तो प्रथम बचतगटांतून. पण बचतगटाच्या पाठोपाठ लहान कर्जें देणाऱ्या कंपन्याहि दाराशीं आल्या. आठवड्याला हप्ता, आणि एकीनें चुकविला तर साऱ्या जणी जबाबदार, अशी त्यांची रीत. २०१० सालीं या वसुलीवरून आंध्रांत एवढा कल्लोळ झाला कीं तेथील सरकारास वटहुकूम काढावा लागला. त्या वेळीं आदिलाबाद जिल्हा आंध्रांतच होता, म्हणजे ही घटना मुकुटबनच्या नदीपलीकडची होय.

या पिढीचे दोषहि झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. फोनवरील जुगार आणि शेअरबाजारांतील वायदे यांत पुष्कळ तरुणांनीं हात भाजून घेतले आहेत. सेबीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत वायदेबाजारांत उतरलेल्या सामान्य व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तीन वर्षांत तोटाच झाल्याचें दिसलें. २०२५ सालीं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. हा मोह झटपट श्रीमंतीचा असून तो निंद्यच आहे. तथापि हा मोह नवा म्हणतां येणार नाहीं. न्यूयॉर्कच्या बाजारांत कापसाचा उघडता व मिटता भाव काय येतो यावर मुंबईंत पैज लावीत, आणि त्यांतूनच पुढें मटका जन्मला. वऱ्हाडाचा कापूस ज्या बाजारांत जाई, त्याच बाजाराच्या आंकड्यांवर आपल्या आजोबांच्या काळचे लोकहि घर उधळीत होते.

निवाडा

२०२२ सालीं मुकुटबनला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. बिर्ला उद्योगसमूहाचा हा कारखाना वर्षाला ३९ लाख टन सिमेंट काढण्याच्या क्षमतेचा आहे. वऱ्हाडच्या या कोपऱ्यांतली चुनखडी आतां दूरदूरच्या घरांच्या भिंतींत जाईल. शेतावर न राहिलेल्या आणि तलाठीहि न झालेल्या मुलास कदाचित् त्याच्या भोंवतालीं कांहीं काम मिळेल, कदाचित् तो हप्त्यानें मालमोटार घेऊन सिमेंट वाहील. त्याच्या या धडपडीला त्याचे वडील उधारीचा धंदा म्हणतील, आणि तो त्यांना म्हणेल कीं, आधीं सांचवून मग मोटार घ्यावी एवढें व्याज आतां कोणी देत नाहीं. दोघेहि आपापल्या काळाचें सत्यच बोलत असतील.

आजोबांच्या काळीं पत ठरवी ती सावकाराची वही. आज ती ठरवितो सिबिलचा आंकडा. वही ऋणकोला वाचतां येत नसे, हा आंकडा त्याला वर्षांतून एकदां फुकट पाहतां येतो; एवढी सुधारणा झाली खरी. पण सावकारास निदान हें ठाऊक असे कीं यंदा पाऊस पडला नाहीं. आंकड्यास पाऊस ठाऊक नाहीं. म्हणून ही उधळी ठरविलेली पिढी हप्ता चुकूं नये यासाठीं औषध पुढें ढकलते, सणाचा कपडा पुढें ढकलते, कित्येकदां लग्न व मूलहि पुढें ढकलते. ही काटकसर नव्हे तर काय? ती पासबुकांत दिसत नाहीं, कारण ती सांचत नाहीं. या बाबतींत नातवंडें वडिलांपेक्षां आजोबांच्या अधिक जवळ गेलीं आहेत. काटकसर आहे, बचत नाहीं.

तेव्हां १८७५ सालच्या आयोगानें जें केलें तेंच आपण आपल्या घरीं करावें. आरोप करण्याआधीं हिशेब मांडावा. एखाद्या संध्याकाळीं वडिलांनीं आपलें १९९० सालचें पासबुक काढावें आणि मुलीनें किंवा मुलानें आपल्या फोनवरचें खातें उघडावें. दोन्ही शेजारीं ठेवून व्याजाचा दर, नोकरीची मुदत, निवृत्तिवेतन, शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च हीं पांच कलमें ओळीनें लिहावीं. मुलांच्या पदरीं कांहीं उधळपट्टीचें कलम येईल, तें त्यांनीं मान्य करावें. वडिलांच्या पदरीं कांहीं कलमें अशीं येतील कीं तीं त्यांच्या गुणानें नव्हे तर काळाच्या कृपेनें मिळालीं होतीं. तीं त्यांनीं मान्य करावीं. निवृत्तिवेतनाविषयींचा वाद अजून मिटलेला नाहीं. २०२३ च्या मार्चमध्यें राज्याचे कर्मचारी त्यासाठींच आठवडाभर संपावर होते. शेतमालाच्या निश्चित भावाचा प्रश्न तर जुनाच आहे. हे प्रश्न एकट्या मुलांचे नाहींत. ज्यांना मतें मागावयास पुढारी दारीं येतात, त्या वडीलधाऱ्यांनींहि ते विचारावयाचे आहेत.

मुलांस काटकसर शिकवावी, यांत शंका नाहीं. पण ज्या जमिनींत ती रुजते ती जमीन आपण त्यांच्यासाठीं राखली कीं नाहीं, याचा जबाब आधीं द्यावा लागेल. कापूस पेरणाऱ्या मुलुखांत ही गोष्ट कोणास समजावून सांगण्याची गरज पडूं नये.